मंदिलाखालचे पोलाद

अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग वर्गात शिकवायला घेतला की विद्यार्थ्यांचे सारे लक्ष वाघनखांकडे आणि बिचव्याकडे लागलेले असते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. घाटकोपरच्या ज्या महाविद्यालयात मी बखरगद्य शिकवतो, तेथे दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मात्र निराळीच शंका काढली. महाराजांनी मंदिलाखाली पोलादी टोप घातला होता असे मी सांगितले, तेव्हा तिने विचारले, “सर, तो घालून गड उतरताना जड होत नसेल का? आणि आत टोचत नसेल?” वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढे गेलो. तिचे वडील बंदोबस्ताच्या नोकरीत आहेत आणि दिवसभर हेल्मेट घालून घरी परतले की त्यांच्या कपाळावर पट्ट्याचा वळ उठलेला असतो, हे मला तासानंतर कळले. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

त्या प्रश्नाला धरूनच हा लेख लिहीत आहे. शिरस्त्राणाचा इतिहास हा साधारणपणे शस्त्रांच्या अभ्यासकांचा विषय मानला जातो आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. परंतु आपल्या भाषेने डोक्याच्या रक्षणाविषयी काय जपले आणि काय विसरले, हा प्रश्न आपला आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘जिरेटोप’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे मखमलीची, मोत्यांच्या लडी आणि तुरा असलेली राजचिन्हासारखी वस्तू उभी राहते. शिवजयंतीला घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या रस्त्यांवर लहान मुलांच्या डोक्यांवर जो दिसतो तो हाच. पण फारसीत ‘झिरेह’ म्हणजे कड्यांचे चिलखत. हिंदीत ‘जिरहबख्तर’ हा जोडशब्द अजूनही टिकून आहे. जिरेटोपातले ‘जिरे’ ते हेच; स्वयंपाकघरातल्या जिऱ्याशी त्याचे काही नाते नाही. म्हणजे मुळात हा शब्द कड्यांच्या जाळीने युक्त अशा लढाऊ टोपाचा होता. संग्रहालयांतून असे टोप पाहायला मिळतात : वाटीच्या आकाराचे पोलाद, नाकासमोर खालीवर सरकणारी पट्टी आणि कानांवरून मानेपर्यंत रुळणारी कड्यांची जाळी. काळाच्या ओघात पोलाद गेले, कडी गेली आणि अलंकार तेवढा उरला. शब्द तोच राहिला, पण त्याच्या आतले रक्षण निघून गेले.

प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी मात्र रक्षण आणि अलंकार या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यावर होत्या. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात मंदिलाखाली पोलादी कड्यांची टोपी असल्याचे लिहिले आहे. जदुनाथ सरकारांनी १९१९ च्या शिवचरित्रात तिचे वर्णन पोलादी टोप असे केले असून पुढची हकीकतही दिली आहे : सय्यद बंडाच्या सरळ तलवारीच्या एका घावाने मंदिलाचे दोन भाग झाले आणि खालच्या टोपाला खोल पोचा पडला. हा पोचा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

या प्रसंगात मला दोन अंदाज दिसतात. पहिला अंदाज शत्रूविषयीचा : घाव कशाचा असेल, कोणत्या दिशेने येईल आणि त्यात जोर किती असेल. दुसरा अंदाज स्वतःविषयीचा : हे ओझे घेऊन मला चालता येईल का, मान वळवता येईल का, आणि समोरच्याला संशय न येता उभे राहता येईल का. महाराजांचे दोन्ही अंदाज अचूक ठरले. तोफखान्याच्या माऱ्यापुढे तो टोप निरुपयोगी ठरला असता, आणि दुप्पट जाड टोप मंदिलाखाली मावला नसता. शिरस्त्राणाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे याच दोन अंदाजांची ओढाताण आहे.

बंदुका सुधारत गेल्या तसे पोलाद डोक्यावरून उतरले. गोळी अडवील एवढा जाड टोप माणसाला वागवता येईना, आणि वागवता येईल असा टोप गोळी अडवीना. मराठी कागदपत्रे ज्यांना ‘टोपीकर’ म्हणतात त्या युरोपियनांच्या टोप्याही पुढे कापडाच्या, चामड्याच्या किंवा शोल्याच्या गाभ्याच्या झाल्या. शोल्याची हॅट हेही एक शिरस्त्राणच होते. मात्र त्यात गृहीत धरलेला शत्रू सूर्य होता. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा युरोपातील कोणतीही मोठी फौज पोलादी टोप घालून रणांगणात उतरलेली नव्हती. खंदकांच्या युद्धात डोक्यावरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या ठिकऱ्यांनी माणसे मरू लागली, तेव्हा १९१५ मध्ये फ्रेंचांचा एड्रियन टोप आणि ब्रिटिशांचा ब्रोडी टोप हे दोन्ही आले. ब्रोडीचा आकार उपड्या थाळीसारखा होता, कारण त्याला वरून पडणारे धातूचे तुकडे अडवायचे होते. समोरून येणारी रायफलची गोळी अडवण्याची प्रतिज्ञा त्याने कधी केलीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांच्या डोक्यावर याच घराण्यातला थाळीवजा टोप होता. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठी शिपायांना १९४४ आणि १९४५ मध्ये त्याच आघाडीवरील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या शौर्याची वर्णने आपल्याकडे वाचली जातात. त्यांच्या डोक्यावरच्या टोपाचे वजन सव्वा किलोच्या आतबाहेर होते, ही माहिती कोणी शोधत नाही.

आता आधुनिक टोपाकडे येऊ. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत ज्या धाग्याचा शोध लावला तो पुढे केव्हलार या नावाने प्रसिद्ध झाला. त्याच्या कापडाचे थर राळेत घट्ट बसवून केलेला टोप अमेरिकी सैन्याने १९८३ मध्ये ग्रेनडात प्रथम युद्धात वापरला. जगभरचे बहुतेक लष्करी टोप आज याच जातीचे किंवा त्यानंतर आलेल्या पॉलिएथिलीनच्या धाग्याचे असतात.

या टोपांच्या संरक्षणाची पातळी ठरवतात कशी, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही जाणून घेण्यासारखे आहे, कारण तिथली भाषा फार प्रामाणिक असते. पहिली कसोटी ठिकरीची. ठरावीक वजनाचे पोलादी तुकडे वेगवेगळ्या वेगांनी टोपावर मारले जातात, आणि ज्या वेगाला निम्मे तुकडे आरपार जातात आणि निम्मे अडतात, तो वेग नोंदला जातो. ग्रेनडातल्या त्या टोपासाठी १.१ ग्रॅमच्या तुकड्याला सेकंदाला सुमारे ६१० मीटर ही अट होती. ‘अभेद्य’ हा विशेषणाचा थाट येथे कुठेच नाही. टोपाची ओळख तो जेथे निम्म्या वेळा हरतो त्या बिंदूने सांगितली जाते.

दुसरी कसोटी गोळीची. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसने अंगरख्यांसाठी आखलेल्या पातळ्यांपैकी ‘तीन-ए’ हे नाव टोपांच्या बाजारात रूढ झाले आहे. २०२३ मध्ये त्या संस्थेने आपली नावे बदलली तरी ते नाव चालूच आहे. याचा अर्थ टोप पिस्तुलाची गोळी अडवतो. नऊ मिलिमीटरची आठ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ४३० मीटर वेगाने येते. एके-४७ ची गोळी वजनाने जवळजवळ तेवढीच, पण तिचा वेग सेकंदाला ७०० मीटरच्या वर असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून तिचा आघात अडीचपटीहून अधिक होतो. ‘बुलेटप्रूफ’ या एका शब्दात हा सगळा फरक गडप होतो, आणि जो हा शब्द ऐकून टोप डोक्यावर चढवतो त्याला तो फरक कोणी सांगत नाही.

तिसरी कसोटी पोच्याची. गोळी अडली तरी टोपाची आतली बाजू फुगून कवटीवर आदळू शकते. म्हणून टोपात मातीचे डोके बसवतात, गोळी झाडतात आणि मातीत पडलेल्या खळग्याची खोली मोजतात. अमेरिकी सैन्याच्या एकविसाव्या शतकातील टोपासाठी पुढे-मागे २५.४ मिलिमीटर आणि बाजूंना १६ मिलिमीटर ही मर्यादा होती. सय्यद बंडाच्या तलवारीने पाडलेला पोचा कोणी मोजला नाही. पण घाव अडला एवढ्याने काम होत नाही, आत किती शिरले तेही पाहावे लागते, हे प्रतापगडालाही लागू होते.

या तिन्ही कसोट्या शत्रूविषयीच्या अंदाजाच्या झाल्या. दुसरा अंदाज, म्हणजे टोप घालणाऱ्याविषयीचा, तितकाच निर्णायक असतो आणि तो अधिक वेळा चुकतो. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोंचे असते. त्यावर दीड किलोचा टोप म्हणजे मानेला तिसऱ्या हिश्शाची वाढ. त्यातच कपाळापुढे रात्री पाहण्याची दुर्बीण अडकवली की भार पुढे जातो, आणि मान सावरण्यासाठी मागे वजन बांधण्याची वेळ येते. ग्रेनडातल्या टोपाची मागची कड खाली उतरलेली होती. चिलखती अंगरखा घालून पालथे पडले की अंगरख्याची मानपट्टी त्या कडेला ढकली आणि टोप डोळ्यांवर येई. सैनिकाला नेम धरता येईना. पुढच्या टोपाची कड म्हणून वर कापावी लागली. म्हणजे झाकलेले क्षेत्र थोडे कमी केल्याने सैनिक अधिक सुरक्षित झाला. आतल्या पट्ट्यांच्या जाळीऐवजी गाद्या आल्या, त्याही आधी केवळ सुखासाठीची सोय वाटल्या होत्या. परंतु टोप हलत नाही आणि आघात पसरतो तो त्यांच्यामुळेच. दुसऱ्या महायुद्धातील कित्येक अमेरिकी सैनिक हनुवटीचा पट्टा न लावताच वावरत, हे जुन्या छायाचित्रांतून दिसते. जो टोप टोचतो, तापतो किंवा ऐकू येऊ देत नाही, तो माणूस काढून ठेवतो आणि काढून ठेवलेल्या टोपाची पातळी शून्य असते. आराम हा संरक्षणाचाच एक भाग आहे, एवढेच यातून निघते.

भारतीय सैन्यात या ओढाताणीला जे नाव मिळाले ते मराठी वाचकाने थबकून पाहावे असे आहे. दहशतवादविरोधी मोहिमांत आपल्या जवानांनी अनेक वर्षे जे शिरस्त्राण वापरले त्याला ‘पटका’ म्हणतात. आपल्याकडे पटका म्हणजे डोक्याला गुंडाळायचे वस्त्र, आणि पेशवाईच्या निशाणाचे नाव जरीपटका. सैन्याच्या पटक्यात कापडी आवरणात पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात. कपाळाकडून आणि मागून येणारी गोळी अडावी हा त्याचा हेतू. माथा मात्र उघडा राहतो. वजन अडीच किलोंच्या घरात, म्हणजे डोक्याच्या निम्मे. शत्रूविषयीचा अंदाज येथे अधिक खरा होता, कारण समोर एके-४७ होती. पण त्याची किंमत जवानाची मान मोजत होती. २०१७ च्या सुमारास कानपूरच्या एमकेयू या कंपनीला सुमारे १ लाख ५८ हजार नव्या टोपांचे काम मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा इतक्या मोठ्या प्रमाणावर अशी खरेदी कित्येक वर्षांनी होत असल्याचे वृत्तपत्रांनी लिहिले. २०२३ मध्ये शीख जवानांसाठी पगडीवर बसणाऱ्या खास टोपाचा प्रस्ताव आला आणि शीख धर्मसंस्थांनी त्याला विरोध केला. पगडी हीच ज्याची ओळख, त्याच्या डोक्यावर पोलाद कोणत्या क्रमाने चढवायचे, हा प्रश्न प्रतापगडावर पोलाद खाली आणि वस्त्र वर ठेवून सुटला होता. प्रत्येक काळात तो तसाच सुटेल असे नाही.

आता आपल्या शहराकडे येतो. पोलिसाच्या डोक्यावरचे हेल्मेट पाहिले की त्या दलाने शत्रू कोण मानला आहे हे कळते. पुढे पारदर्शक काच असलेले बंदोबस्ताचे हेल्मेट दगड आणि बाटली अडवते. त्यात गृहीत धरलेला प्रतिपक्षी म्हणजे जमाव, अर्थात आपलेच नागरिक. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसे मेली, तेव्हा गोळी कोणाच्या बाजूने सुटली होती आणि उघडी डोकी कोणाची होती हे या उपनगराला विसरता येत नाही. त्यानंतर घाटकोपरची बस २००२ मध्ये, मुलुंडची लोकल २००३ मध्ये आणि पश्चिम रेल्वेच्या गाड्या २००६ मध्ये स्फोटांनी फाटल्या. जमाव आणि बाँब, हे मुंबईच्या पोलिसाला शिकवलेले दोन धोके. रेल्वे स्थानकात एके-४७ घेऊन चालत येणारा माणूस या अंदाजात कुठेच नव्हता.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तो आला. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे छत्रपती शिवाजी टर्मिनसपाशी हेल्मेट आणि अंगरखा चढवत असल्याचे दृश्य त्या रात्री साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतर थोड्याच वेळात कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत गाडीवर झालेल्या गोळीबारात करकरे, विजय साळसकर आणि अशोक कामटे मारले गेले. कामटे हे पूर्व विभागाचे अप्पर पोलीस आयुक्त, म्हणजे घाटकोपर-मुलुंडचा बंदोबस्त ज्यांच्याकडे होता ते अधिकारी. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली तेव्हा त्यांच्या हाती लाठी होती.

या सगळ्यांना आपण हुतात्मा म्हटले आणि ते योग्यच होते. पण मराठी वीरवाङ्मयाची एक जुनी सवय या वेळीही उफाळून आली. शिर तळहातावर घेणे, छातीचा कोट करणे, हे आपल्या भाषेतले शौर्याचे सर्वोच्च वाक्प्रचार आहेत. ते वापरले की साधनांचा प्रश्न क्षुद्र ठरतो. ज्याने छातीचाच कोट केला त्याच्या अंगरख्याची प्रत विचारणे औचित्याला धरून वाटत नाही. तो क्षुद्र प्रश्न दोन स्त्रियांनी विचारला. कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात पतीच्या अंगरख्याविषयी विचारणा केली, आणि तो सापडत नाही असे उत्तर त्यांना मिळाले. विनीता कामटे यांनी त्याच कायद्याने त्या रात्रीच्या बिनतारी संदेशांच्या नोंदी मिळवल्या आणि २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक सिद्ध केले. २००८ नंतरच्या वीरवाङ्मयात हे पुस्तक मला निराळे वाटते, कारण त्यात गौरवापेक्षा विचारणा अधिक आहे. कविता करकरे २०१४ मध्ये गेल्या. त्यांच्या प्रश्नाला पोवाड्यात जागा मिळालेली नाही.

पुढे शत्रूविषयीचा अंदाज बदलला. दिल्लीहून कमांडो यायला २७ नोव्हेंबरची सकाळ उजाडली होती, म्हणून २००९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र अंधेरीच्या मरोळला आले आणि राज्याच्या फोर्स वनचे ठाणे गोरेगावात उभे राहिले. या जवानांचे टोप निराळ्या पातळीचे असतात आणि तसे ते असलेच पाहिजेत. पण पश्चिम द्रुतगती मार्गावर नाकाबंदीला उभा असलेला शिपाई किंवा बोरिवली स्थानकातल्या पुलाखालचा शिपाई यांच्यासाठी दुसरा अंदाज अजून करावा लागणार आहे : मे महिन्याच्या घामात आणि जुलैच्या पावसात आठ-दहा तास डोक्यावर राहील असे काय देता येईल. सर्वांत उंच पातळीचा टोप त्याला देऊन तो खुर्चीच्या पाठीला लटकत राहणार असेल, तर त्याहून खालच्या पातळीचा पण डोक्यावर राहणारा टोप बरा. कोणता धोका अडवायचा आणि कोणता पत्करायचा याचा निर्णय मात्र त्याला सांगून घेतला पाहिजे, आणि ‘बुलेटप्रूफ’ या शब्दामागे लपून तो घेता कामा नये.

शिर सलामत तर पगडी पचास, ही म्हण आपण अजून वापरतो. तिचा अर्थ आपण व्यवहारचातुर्याचा लावतो. पण तिच्यात क्रम सांगितला आहे, आधी शिर आणि मग पगडी. जिरेटोपाच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा केला.

यंदा तोच प्रसंग पुन्हा शिकवायची वेळ आली तेव्हा मी वाघनखांच्या आधी टोप घेतला. मंदील, त्याखालचे पोलाद, त्यावरचा पोचा, या क्रमाने. जड होत नसेल का, या प्रश्नाचे उत्तरही दिले : होत असणार. चढ-उताराच्या वाटेने तो वागवत जाण्याचा विचार कोणीतरी आधी केला असणार, तो घडवणाऱ्या कारागिराने मापही घेतले असणार, आणि बखरकाराने त्या कारागिराचे नाव लिहिलेले नाही. ती विद्यार्थिनी आता पदवी घेऊन गेली आहे. तिच्या वडिलांच्या कपाळावरचा वळ गेला की नाही, हे विचारायचे राहून गेले.